खाच

जिनिंगचा भोंगा झाला आणि पडदा काळा पडला.
चौथीची घटक चाचणी अर्धी टाइप झालेली,
गुरुजींचे दोन फोन येऊन गेले.

मतीननं बाजूचं झाकण काढलं.
पंख्यात मूठभर कापूस.
"ताई, गादी भरायलाव का काय?"
सेलूत दुकान टाकलं की कापूस येणारच,
तू पुढं बघ.

पुढं, मदरबोर्डावर चार कपॅसिटर
पुऱ्यांसारखे टम्म.
बोर्ड गेला. बाकी सगळं जितं.

नवा घेऊ, म्हटलं मी, गल्ल्यातल्या नोटा मोजत.
तो हसला.
नव्या बोर्डात हा प्रोसेसर बसत नाही,
ह्या रॅमची खाच तांदळाएवढी अलीकडं,
पॉवर सप्लायला चार पिना, त्याला पाहिजेत आठ.
म्हणजे एक हूक तुटला म्हणून
अख्खं झंपर नवं शिवायचं.
"दाबून बसव की."
"खाच त्याच्यासाठीच असती, ताई.
दाबलं की दोन्ही जातेत."

वीस वर्षं झाली लग्नपत्रिका छापते.
कुणाची खाच कुठं, कधी पाहिलं नाही.
आडनावातली वेलांटी तेवढी तपासली.

नांदेडहून जुना बोर्ड आला, बंद पडलेल्या क्लासातला,
एसटीच्या कंडक्टरकडून, पेपरात गुंडाळून,
अठराशे रुपये.
सॉकेट तेच. रॅम कटकन बसली.
पंखा फिरला.
पडदा काळाच.

मतीन बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला,
"ह्याला दुसऱ्या पिढीपर्यंतचीच ओळख.
तुमचा तिसऱ्या पिढीतला."

कोर्टापुढं बसणाऱ्या दुधाटेकाकांच्या मशीनमधून
त्यानं दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर आणला,
वाटीभर विरजण मागून आणावं तसा,
तासाभराच्या बोलीवर.
तो लावून बोर्डाला पुढच्यांची नावं शिकवली.
मधे लाइट गेली तर सगळंच गेलं,
म्हणून इन्व्हर्टरच्या दिव्याकडं बघत
आम्ही दोघं गप्प.
चहा आला तो तसाच निवला.

उसना काढला. माझा ठेवला.
पेस्टचा थेंब, मुगाएवढा.

उजेड.
घड्याळात एक जानेवारी दोन हजार बारा.
"सेल बदलू. वीस रुपयाचं काम."
फोन वाजायलाच लागला होता, तो वाजू दिला.
फाइल उघडली.
प्रश्न पहिला. जोड्या लावा.
अ गट भरलेला.
ब गटात नुसते आकडे,
पुढं काहीच नाही.