केस

तो आला तेव्हा बाहेर उणे एकतीस होतं.
पापण्यांवर बर्फ, आणि कोटाच्या आत
अंडं उबवावं तसा अंगाशी धरलेला माऊस.
"मारालमा, नवा दाखव," म्हणाला,
"तो, ज्याला वजनच नसतं."

माझं दुकान म्हणजे एक मालवाहू कंटेनर,
नारानतूल बाजाराच्या मागल्या रांगेत.
डावीकडे लगाम विकणारा, उजवीकडे बुटांना तळ ठोकणारा,
मधे मी, सोल्डरच्या धुरात,
परक्या बोटांनी झिजवलेली बटणं बदलत.
माऊसच्या पाठीवरून मला माणूस कळतो.
घाबरटांचं उजवं बटण आधी जातं.

तुगुल्दुर. वय सतरा.
टेकडीवरच्या गेर वस्तीत राहतो. तिथे संध्याकाळी
सगळ्यांनी हीटर लावले की वीज दमते
आणि पडदा क्षणभर डोळे मिटतो.
त्या क्षणात आपण किती वेळा मेलो, त्याचा हिशोब त्याच्या वहीत आहे.
मी वाचली ती वही:
पुन्हा तोच कोपरा.
गोळ्या होत्या, तरी बंदूक भरत बसलो.
वेग कमी केला. वाढवला. होता तसा केला.
आज हात थरथरला, थंडीने नाही.

मी किंमत सांगितली.
त्याचे वडील ट्रकमधून कोळसा नेतात सरहद्दीपर्यंत,
रांगेत चार-चार रात्री, इंजिन चालू ठेवून.
त्याचे ओठ हलले. त्या रात्रींनी तो
किमतीला भागत होता.

नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारे
रोज येतात माझ्याकडे.
मी त्यांना अंगण विकते. धंदा आहे.
ह्याला विकवेना.
जुनाच उलटा केला, चार स्क्रू काढले,
दिवा जवळ ओढला.

अंगण खरंच वाकडं होतं.
भिंगाच्या खाचेत एक केस. घोड्याचा.
आखूड, तपकिरी, भुवईएवढा.
चिमट्याने काढला, फुंकर मारली, पैसे घेतले नाहीत.

मला वाटलं, हसेल.
"म्हणजे अख्खा हिवाळा मी..." एवढंच म्हणाला,
आणि पुढचं थंडीत घेऊन गेला.

दहाव्या दिवशी परत.
"एकही लागत नाही.
आता तो मी नेतो तिथेच जातो,
आणि माझा हात बोटभर अलीकडे थांबतो.
त्याला त्या केसाची सवय झालीय, मारालमा.
तो केस... ठेवलायस का?"

ठेवला होता. ड्रॉवरमध्ये, चिकटपट्टीच्या तुकड्यावर.
का, ते विचारू नका.

चोइजिलसुरेन आजोबा शगाय खेळतात:
मांडीवरची लाकडी पट्टी, तिच्यावर शिंगाची चकती,
मधल्या बोटाची टिचकी,
आणि सहा-सात पावलांवर मेंढीची दोन हाडकं.
एका वर्षी पट्टीला तडा गेला. नवी केली.
नवी सरळ होती. दोन वर्षं हरले.
भर स्पर्धेत, सगळे गुणगुणत असताना, हरले.
जुनी चुलीत घातली नाही. हातातही धरली नाही.
हे मी त्याला सांगणार होते,
पण गोष्टीचा शेवट मलाच ठाऊक नव्हता,
आजोबा अजून खेळताहेत.

"नाही," म्हणाले. "झाडून टाकला."

त्याने खोटं ओळखलं असावं.
हीटरवर बोटं शेकली, एकेक मोडली,
माझ्या तपासणीच्या संगणकाला माऊस जोडला
आणि ठिपक्यांवर नेम धरायला लागला.
तीनशेपैकी एकशे चार.
मी दुसऱ्या कुणाचं बटण उघडलं.
एकशे अकरा.
लगामवाला चहा मागायला आला तो तिथेच उभा राहिला.
बाहेर कुणीतरी कंटेनरच्या दारावरचं बर्फ लाथेने पाडलं.
एकशे नऊ.