सुतळीची गाठ

बर्कामध्ये शमसुद्दीनच्या दुकानात
काउंटरवर तीन करवती.
पेट्रोलची: साडेचार किलो, अठ्ठावीस रियाल.
मनगट आधीच नाही म्हणतं, मग पाकीट.
वायरची स्वस्त, पण वायर
कुंपणापर्यंत पोचायची नाही.
बॅटरीची इतकी हलकी
की उचलल्यावरही हात वजनाची वाट बघत राहतो.

"फांद्यांना चालेल," शमसुद्दीन म्हणतो,
"खोडाचं मला विचारू नकोस."

खोक्यावर छापलंय: घरमालकांसाठी.
मी एकोणीस वर्षांचा भाडेकरू.
मालकानं फोनवर एवढंच सांगितलं,
दमासची मुळं गटारात शिरलीत, काढून टाक.
त्याला काय ठाऊक, लावलंय कुणी ते.
वीतभर काडी होती,
एसीच्या ठिबकत्या पाण्यावर जगली.

खिशातून सुतळी काढतो.
काल रात्री खोडाला गुंडाळून
गाठ मारून ठेवलेली.
शमसुद्दीन ती काउंटरवर सरळ करतो,
तीननं भागतो,
पात्याशेजारी धरतो:
"दोन्ही बाजूंनी कापलंस तर पुरेल."

तेवीस रियाल. सुतळी
तो पावतीसोबत परत देतो.

चार तास चार्ज करायची आहे.
तेवढ्यात एसीची नळी
दुसरीकडे कुठे वळवायची
ते बघायला हवं.