निपाणी, महिनाअखेर

महिना संपला की मी वही मागून पुढं मोजते.
गरोदर बायका एकेचाळीस.
सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह: एकोणचाळीस.
दोन उरल्या. एकीच्या नळीत रक्तच कमी भरलं होतं,
पुन्हा बोलावलंय.

शेवंता घस्ते बाकावरनं उठेना.
बोटांना तंबाखूचा वास, पदराला
विडीच्या पानाचं एक कात्रण चिकटलेलं.
"म्हंजे लागलंय व्हय मला?"
लागलंय. कधीच लागलंय.
तू रांगत होतीस तेव्हा, नाहीतर त्याच्याही आधी,
दुधातनं,
आईनं चावून मऊ केलेल्या भाकरीच्या घासातनं,
थोरलीच्या उष्ट्या पेरूतनं.
दोन दिवस अंग कोमट, कुणाच्या ध्यानातही नाही,
आणि मग राहिलं ते,
भाडं न देता, भांडं न वाजवता.

मुल्लांच्या दिलशादला हेच सांगितलं.
गंगव्वाला कानडीत, अडखळत: एल्लार्गू ऐती,
सगळ्यांनाच असतं.
ती हसली. मग तपासता कशाला?

कस्तुरी चौगुलेला तीन वर्षांमागं
मीच म्हणाले होते, घाबरू नको, सगळ्यांनाच असतं.
खोटं नव्हतं.
तिचा मुलगा गेल्या बेंदराला दोनाचा झाला.
ती आली की तो काउंटरखाली नळ्यांची बुचं मांडतो.
मी किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पाडते,
हातातनं सुटल्यासारखा.
कस्तुरी दचकते.
तो बुचं मांडत राहतो, निळं, जांभळं, निळं.

आणि उरलेली दुसरी, ती मी.
पाचवा महिना. निगेटिव्ह.
आई मिशनच्या दवाखान्यात आया होती,
माझी वाटी वेगळी, चमचा वेगळा,
मुका घ्यायची तो कपाळावर,
तोही हात धुऊन आल्यावर.
मला वाटायचं, हिला माझी किळस येते.
रिपोर्ट दोनदा लावला. दोन्ही वेळा कोरा.
उभ्या गावाला जे कुणीतरी उष्ट्यातनं दिलं
ते मला कुणी दिलं नाही;
आता मिळालं तर नेमकं आता मिळेल.

आज तो काउंटरखालनं बाहेर आला,
चोखून लगदा झालेलं बिस्किट
माझ्यासमोर धरलं. हात खाली घेईना.
कस्तुरी म्हणाली, घे की, कुणालाच देत नाही तो.

घेतलं.
मूठ मिटली.
तो हसला, बुचांकडे वळला,
आणि मी आत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले,
नळ बारीक सोडून,
कस्तुरीला आवाज जाऊ नये म्हणून.