इतर परिस्थिती कायम असता

बारावी कला, ब तुकडी, जिन्याखालचा वर्ग.
मगदूम मॅडम फळ्यावर संत्री काढायच्या.
पाच संत्री आणि एक माणूस,
ज्याला पहिलं संत्रं फार गोड लागतं,
दुसरं जरा कमी,
पाचव्याला तो नको म्हणतो.
घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत.
"बोर्डाला हमखास येतो," मॅडम खडू झटकायच्या.

शेजारून नसीम तांबोळी हळूच विचारायची,
मग पाचवं कुणाला दिलं त्यानं?

खिडकीतून मार्केट यार्डाकडचा वारा यायचा,
हळदीचा, कोरडा, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा.
माझं पुस्तक जुनं, अर्ध्या किमतीत घेतलेलं.
आधीच्या कुणीतरी 'मागणी म्हणजे' याच्याखाली
निळ्या शाईनं दोनदा रेघ मारून
पुढे काहीच लिहिलं नव्हतं.
मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे.
इच्छा, अधिक ऐपत, अधिक खर्चायची तयारी.
एवढं एक मला पाठ करावं लागलं नाही.

आई बेदाणा निवडायला जायची.
हिरवा एका पाटीत, पिवळा दुसऱ्या,
काळा वेगळा, काड्या पायाशी.
सौद्याला व्यापारी मूठ भरून बघत,
बघून झालं की तशीच उधळून देत,
फरशीवर चपलांखाली चिकट चिकट.
तो उधळलेला माल कुणाच्या खात्यावर,
ते मी सूक्ष्ममध्ये शोधलं, स्थूलमध्ये शोधलं.

एकदा तिला विचारलं,
पहिला बेदाणा किती गोड लागतो गं?
म्हणाली, कुणाला ठावं.
दिवसभर वासच घशात बसतोय,
घरी आलं की ठेचा लागतो मला.
मी वहीत शून्यापासून निघणारी एक रेषा काढली,
मग खोडली. खोडरबरानं कागद फाटला.

दिवाळीनंतर शेडमध्ये निवडायचं यंत्र आलं.
अकरा बायकांच्या चार झाल्या,
आई त्या चारांत होती, म्हणून गप्प होती.
त्या आठवड्यात आम्हाला गृहीतके होती.
ग्राहकाचं उत्पन्न बदलत नाही.
आवडनिवड बदलत नाही.
लोकसंख्या बदलत नाही.
प्रत्येक नियमाच्या दारात तेच वाक्य, उंबऱ्यासारखं,
इतर परिस्थिती कायम असता.
नसीम त्या शुक्रवारनंतर आलीच नाही,
मिरजेला मावशीकडे, म्हणे, काहीतरी ठरलंय.
हजेरीत तिचा नंबर महिनाभर तसाच पुकारला जायचा.

रात्री भाकरी थापताना आईनं विचारलं,
काय शिकिवत्यात तुला एवढं?
म्हटलं, भाव वाढला की मागणी कमी होते.
तिनं तव्यावरची भाकरी उलटली.
म्हंजे आम्ही हजेरी वाढवून मागितली
की घरी बस म्हणत्यात, त्येच की.
ह्याला पुस्तक लागतंय?

लागतं, मी म्हणाले.
का, ते सांगता आलं नाही.
आजही नीट येत नाही.

पूर्वपरीक्षेत आकृती बरोबर आली होती,
रेषा डावीकडून उजवीकडे व्यवस्थित उतरलेली.
खाली लाल शाईत : अक्षांना नावे द्या. अर्धा गुण वजा.
पेपरवर सही करायच्या आधी
आईनं त्या रेषेवरून बोट फिरवलं,
वरून खाली, सावकाश,
मध्येच कुठंतरी काडी लागेल
अशा सवयीनं.