काटा

चावी देण्याआधी रुपराव ठोंबरेंनी
गाडीभोवती एक फेरी मारली,
बैलबाजारात जोडी पाहतात तशी.
हातात कागद, त्यावर गाडीचं चित्र, झेरॉक्सची झेरॉक्स,
जुन्या जखमांच्या जागी निळ्या फुल्या:
मागचं बंपर, डावा आरसा, पुढच्या काचेचा कोपरा.
"बाकी सगळं कोरं हाय, ताई.
जसं नेलं तसं आणजा.
काटा पावावर हाय, पावावरच आणजा."
अनामत दोन हजार.
पावती मोनालीनं लिहिली, भूगोलाच्या वहीतलं पान फाडून.

मी सही केली.
उपकेंद्रात अकरा वर्षं मी लसीची बाटली
उजेडात धरून तारीख वाचते, मग पुन्हा वाचते.
त्या पहाटे मात्र आत्याला सेवाग्रामहून सुट्टी होती
आणि मी फेरी मारली नाही.

आर्णी, यवतमाळ, कळंब.
देवळीच्या अलीकडे काटा लाल रेघेवर येऊन बसला.
पंपावर हजाराचं टाकलं तरी हलेना.
पुढं एका खड्ड्यात गाडी आदळली
आणि तो अर्ध्याच्या वर चढला,
वर्गात डुलक्या घेणाऱ्याला गुरुजींनी हाक मारावी तसा.

परतताना आत्या शेजारी, काळा चष्मा नाकावर,
उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला.
वाटभर मैलाचे दगड मोठ्यानं वाचत होती.
"त्या बाईच्या लुगड्याले ठिगळ हाय पाह्य.
त्या खांबावर होला बसला. आता उडाला."
कळंबच्या बाजारात मला थांबवून
तिनं पाटा घेतला. टाकी मारलेला,
एकेक खड्डा बोटानं नाही, डोळ्यानं मोजून.
"चार वर्षं झाली मले पाट्याचे दात दिसले नव्हते."
मी तो डिक्कीत टाकला, खाली काही न अंथरता.
यवतमाळच्या घाटात मागून एक आवाज आला.
आम्ही दोघींनी ऐकला.

घरी पाटा उतरवला तेव्हा
डिक्कीतलं काळं प्लास्टिक वीतभर चिरलेलं.
मी झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपरावांची फेरी.
उजव्या मागच्या दारापाशी ते थांबले, वाकले,
थुंकी लावून अंगठा फिरवला.
"हा तुमचा, ताई. बाभळीचा काटा लागला असन.
आठशे होतीन."
आत्या येणार नव्हती, तरी आली होती.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला,
तोंड दाराशी नेलं, जात्यात काही अडकलंय का पाहावं तसं.
"रुपराव, याच्यात गंज हाय.
रातच्या रातीत लोखंड गंजते काय?"
रुपराव हसले. मोनाली वहीत पाहत राहिली.
"बरं बुढे, तीनशे द्या. वाशिंगचे समजा."

मी काटा दाखवला. पाव सांगितलं होतं, अर्ध्यावर आणलीय.
"कमी असलं त घेतो जी मी.
जास्तीचं वापस नसते. नियम हाय."
कोणाचा, ते मी विचारलं नाही.
विचारते, तर ते डिक्की उघडतील असं वाटलं.

मी तीनशे दिले.
न केलेल्या ओरखड्याचे तीनशे,
टाकीतलं वरचं पेट्रोल त्यांना,
आणि चिरलेलं प्लास्टिक, त्याचे शून्य.
हिशेब मनात दोन-तीनदा मांडला,
दर वेळी वेगळा आला.

निघताना मोनालीकडून पेन घेतला
आणि चित्रातल्या त्या दारावर फुली मारली,
पुढच्या माणसासाठी.
दुसरी मारायला पेन टेकवला होता.
पण चित्र बाहेरून काढलेलं होतं,
त्यात डिक्कीला आत नव्हतं.
म्हणजे निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं.

ऑटोत आत्या बराच वेळ गप्प.
मग रेल्वे फाटकापाशी, चष्मा न काढता म्हणाली,
"प्लास्टिकले मात्र गंज धरत नाही, नाही वं?"