शून्य नऊ एक दोन

नक्षी शाबूत आहे, म्हणाला ड्वेन.
अंगठ्याचं नख खाचेत घालून दाखवलं मला,
मग बर्निटाला, मग तिच्या कुत्र्याला.
"नाणं उभं बुडेल इतकी खोल. बघा तरी."

गॅलपच्या पश्चिमेला, मालगाड्यांच्या रुळांलगत
बर्निटाचं दुकान.
आमचा ट्रेलर तेरा फुटी, अंड्याच्या घाटाचा,
एक आस, दोन चाकं,
आणि पाठीवर कापडी टोपी घातलेली स्टेपनी,
जिचे पाय कधी जमिनीला लागले नाहीत.

बर्निटाने नक्षीकडे पाहिलंच नाही.
टायरच्या गालावरून तळहात फिरवला,
ताप बघावा तसा.
दाबल्यावर बारीक चिरा उघडल्या,
पुन्हा मिटल्या.
"झिजून नाही मेला हा," ती म्हणाली.
"उभ्या उभ्या मेला. उन्हात.
आकडा वाचा."

आकडा आतल्या बाजूला होता.
बाहेर नुसतं कंपनीचं नाव, तेही ठसठशीत.
ड्वेन पाठीवर झोपला, टॉर्च दातांत धरून
खडीवरून सरपटत आत गेला.
बाहेर उरले दोन बूट
आणि एक बोबडा आवाज:
शून्य. नऊ. एक. दोन.

दोन हजार बाराचा नववा आठवडा.

मी बोटांवर मोजलं.
त्या आठवड्यात मी एल्कोत होते,
दुसऱ्याच आडनावाने,
कसिनोच्या मुदपाकखान्यात अंडी सोलत.
ड्वेनच्या घरी रोझॅन होती अजून.
ट्रेलर कुणा तिसऱ्याचा.
आमच्या लग्नाहून चार वर्षांनी मोठा हा टायर,
आणि लग्नाच्या रात्री त्याच्याच जिवावर
आम्ही डोंगर उतरलो होतो,
हवा किती आहे ते न बघता.

स्टेपनीची टोपी काढली. तोच आकडा.
काही न करता तितकीच म्हातारी.

मग वजनाची गोष्ट निघाली.
ड्वेन म्हणाला, हिची दगडांची पेटी.
मी म्हणाले, तुझा जनरेटर,
आणि तो बिडाचा तवा, ज्यात तू वर्षातून एकदा मासा जाळतोस.
बर्निटाने दोन्ही ऐकून घेतलं.
नाकापेक्षा मोती जड, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

तिन्ही बदला, मी म्हणाले.
ड्वेनने पाकीट काढलं, दाढ काढावी तसं.

बर्निटाने पाना माझ्या हातात दिला. का माझ्याच, कोण जाणे.
पलीकडच्या चाकाला ठोकळा.
चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे,
उचलल्यावर ते गरगरतं आणि आपण नुसते शिव्या देतो.
जॅक चौकटीखाली, आसेखाली नाही.
नवं चाक चढलं, खाली टेकलं, की
एक नट, मग त्याच्या समोरचा,
शेजारच्याला हात लावायचा नाही.
पाना टक् म्हणेल. तिथे थांब.
"जोर आहे म्हणून लावत बसू नकोस," ती म्हणाली,
ड्वेनकडे बघत.
"आणि पन्नास मैलांवर थांबा. पुन्हा आवळा.
नवी चाकं बसायला वेळ घेतात."

ॲरिझोनाची हद्द लागली. फोनमधलं घड्याळ
आपसूक एक तास मागे गेलं.
चेंबर्सच्या पेट्रोल पंपावर, वाऱ्यात,
मी गुडघ्यांवर बसले.
पहिला नट: टक्. दुसरा: टक्.
तिसरा पाव फेरा फिरला.
फिरला खरंच.
ड्वेन काही बोलला नाही. माझ्यामागे उभा राहून
त्याने उन्हाला आडोसा केला.

नवा आकडा मी कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवलाय,
मार्करने, कॉफीच्या डब्याच्या वर.
एकतिसावा आठवडा, गेल्या वर्षीचा.
"काय करत होतो गं आपण तेव्हा?"
खूप आठवून पाहिलं दोघांनी.
बहुतेक भांडत होतो.
कशावरून, ते होलब्रुक आलं तरी सापडेना.