बाकी

जेल रोडवरचा लालवानी म्हणाला, "दीदी, चार टीबी ले लो,
शादियाँ तो बढ़ेंगी ही."
मी दोनच घेतले.
लग्नं वाढतील, पण पैसे वेळेवर येतील
असं काही त्याच्या बिलावर छापलेलं नव्हतं.

लोकमान्यनगर दुपारी दोनला झोपतं.
टॉवर आडवा निजवला सतरंजीवर,
मागचे दोन स्क्रू काढले, पत्रा सरकवला
आणि बघते तर काय.
देशात पहिलं आलेलं आमचं शहर
इथे आत झाडू घेऊन कधी आलंच नव्हतं.
पंख्याला लोकरीसारखी धूळ
आणि मेमरीच्या पट्टीशी टेकून
लौंगसेवेची एक काडी.

मामंजींनी खुर्ची ओढली.
"आधी पत्र्याला हात लाव. अंगातलं जाऊ दे."
टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं खांबावर चढून
लोकांची बोलणी जोडून दिली त्यांनी,
स्वतः फोनवर 'हं'च्या पुढे जात नाहीत.

"जुनी बिघडली?"
"नाही, भरली."
"मग काढत का नाहीस?"
"ती राहणार. ही तिच्या शेजारी."
जरा थांबून म्हणाले, "म्हणजे सवत."

कशानं भरली ते मी सांगितलं नाही.
टाकळकर आणि मुंगी, डिसेंबर, अन्नपूर्णा रोडचं गार्डन,
तीन कॅमेरे, एक ड्रोन, चारशे जीबी.
ॲडव्हान्स आला. मग एप्रिलमध्ये मुलीचा भाऊ
फोनवर म्हणाला, "ताई, आता राहू द्या."
अकरा हजार बाकी.
पण अंतरपाटाखालून तिला त्याची पावलं दिसतात,
अंगठ्यावर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका,
कुठल्यातरी भाचीनं लावलेला,
आणि ती हसते.
सात सेकंद.
मी त्यातला पिवळा रंग दोन रात्री जागून उतरवला होता.
डिलीटवर तीनदा बोट नेलं.
शेवटी साडेपाच हजारांची डिस्क आणली.
हिशेबात हे बसत नाही, मला कळतं.

स्क्रूच्या जागा चार, सापडले तीन.
विजेचं मोकळं टोक डीव्हीडीच्या पाठीशी
केबलटायनं आवळून ठेवलेलं,
मुलीच्या घट्ट वेणीसारखं. कापून सोडवलं.
सगळं लावलं, बटण दाबलं.
पडद्यावर जुनी एकटीच.

"लाइन डेड," मामंजी म्हणाले, जरा समाधानानंच.
मग गुडघ्यावर हात ठेवत वाकले
आणि उघड्या कॅबिनेटशी कान नेला.
"फिरतेय तर.
वीज आहे. बोलणं नाही."
बंद केलं. निळी वायर बोर्डाच्या बाजूनं
अर्धीच बसली होती. अंगठ्यानं दाबली.
टक्.

आता दिसली. काळी पट्टी, वर लिहिलेलं अनअलोकेटेड,
म्हणजे अजून कुणाच्याच नावावर नाही.
अक्षर द्यायचं होतं. डी डीव्हीडीनं धरलेलं,
हिच्या वाट्याला ई आलं.
मी मोठ्यानं वाचलं, "ई."
मामंजींनी पाय वर घेतले, "कुठाय पाल?"

न्यू व्हॉल्यूम हे आपोआप आलेलं नाव पुसून
मी 'बाकी' टाइप केलं
आणि चारशे जीबी उचलून इकडे सोडले.
एक तास चाळीस मिनिटं राहिली, म्हणालं.
मग दोन तास दहा.
मग पंचावन्न मिनिटं.
"आम्हीही असंच सांगायचो," मामंजी म्हणाले,
"उद्या लागेल लाइन, उद्या लागेल."

चहा टाकून आले तर ते चष्मा सरकवून
पडद्यावरचे बारीक चौकोन बघत होते,
शालू, मुंडावळ्या, अक्षता.
"कुणाचं लग्न?"
"गिऱ्हाइकाचं."
"चांगलं झालं?"

मी म्हटलं,
"हं."